धडधड थांबेपर्यंत

एका गावात एक भोळा गडी होता, आणि त्या गावात कोंबड्या फार होत्या.

गड्याचं नाव केरबा. अंगानं दांडगा. मारक्या बैलाला तो भीत नसे, सापाला भीत नसे. पण कोंबडी दिसली की त्याचे हातपाय गार पडत, छाती धडधडे आणि बघता बघता तो कुणाच्या तरी भिंतीवर चढलेला असे. असं का होतं, म्हणून विचारलं तर म्हणे, "ती एका डोळ्यानं बघते."

गाव हसत होतं तोवर ठीक होतं. पण केरबाचं मालनशी जमत आलं, आणि मालनच्या वडिलांचं, आण्णांचं, अंगण म्हणजे नुसत्या कोंबड्या. केरबा त्यांच्याकडे पहिल्यांदा गेला तेव्हा रस्त्यावरूनच रामराम करून परतला. आण्णांनी निरोप धाडला. पोरगा गुणी आहे, पण जावई अंगणाबाहेर उभा राहून जेवणार असेल तर ही सोयरीक नको. सुपारी फोडायच्या दिवशी त्यानं माझ्या हातची कोंबडी हातात घ्यावी, नाहीतर आल्या वाटेनं जावं. मालनचा जीव केरबावर होता. तिनं वेगळा निरोप धाडला, की काहीही करा, पण शिका.

केरबाच्या वहिनीनं त्याला तालुक्याला नेलं. तिथे मनाच्या आजारांच्या डॉक्टरीणबाई होत्या. केरबानं आधी विचारून घेतलं, की हे वेड आहे का. बाई म्हणाल्या, मुळीच नाही. अशी भीती पुष्कळांना असते. कुणाला पालीची, कुणाला उंचीची, कुणाला बंद खोलीची. आणि ती बरी होते.

"भीती म्हणजे राखणीचं कुत्रं," बाईंनी समजावलं. "चोर आला तर त्यानं भुंकावं. तुमचं कुत्रं पाहुण्यावर भुंकतंय."

"आमच्याकडं कुत्रं न्हाई," केरबा म्हणाला.

बाईंनी कुत्रं सोडून दिलं आणि सरळ उपाय सांगितला. एकदम जवळ जायचं नाही. आधी कोंबडीचं चित्र बघायचं, मग कोंबडी लांबून बघायची. जीव शांत झाला की एक पाऊल पुढे. मग थांबायचं. मग दुसरं पाऊल.

केरबा घरी आला. वहिनीनं चुलीवर दूध ठेवलं आणि ती परसात धुणं वाळत घालायला गेली. दूध वर आलं की उतरवा, म्हणाली. दूध वर आलं. केरबाला दुधाची भीती नव्हती, पण उपाय नवा होता. तो आधी दारातून दूध बघत राहिला. जीव शांत झाल्यावर एक पाऊल पुढे आला. थांबला. तोवर दूध चुलीत गेलं.

"भावजी, काय करत होता?"

"येत होतो."

बाईंना हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, अहो, हा उपाय भीतीवरचा आहे, दुधावरचा नाही. आता पुढचं ऐका. भीती वाटली की पळायचं नाही. जागेवर उभं राहायचं. भीती चढते, चढते, आणि आपली आपण ओसरते.

पुढच्या आठवड्यात रानात कुणीतरी चिंचेवरच्या मोहोळाला दगड मारला. सगळे ओढ्याकडे पळाले. केरबाला भीती वाटली, म्हणजे यावेळी चूक व्हायचं कारण नव्हतं. तो चिंचेखाली उभा राहिला. भीती चढली, चढली, आणि बाई म्हणाल्या तशी ओसरली. तोवर त्याचे दोन्ही डोळे सुजून मिटले होते.

बाईंनी कपाळाला हात लावला. मधमाशी खरंच चावते. जिथे खरा धोका आहे तिथून पळायचंच. म्हणून आधी मोठ्यानं विचारायचं, हे फार तर काय करेल? आणि उत्तरही मोठ्यानं द्यायचं. कोंबडी फार तर काय करेल?

"टोचंल," केरबा म्हणाला.

बाई खूश झाल्या.

दुसऱ्या दिवशी शेजारचे दौलूतात्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला निघाले होते. जीपमध्ये बसून थरथरत होते. केरबाला कळवळा आला. त्यानं मोठ्यानं विचारलं, "तात्या, फार तर काय हुईल?" तात्या आशेनं बघू लागले. केरबानं मोठ्यानं उत्तर दिलं, "फार तर मराल."

तात्या जीपमधून उतरले ते पुन्हा चढले नाहीत.

यावेळी वहिनीच बाईंपुढे रडकुंडीला आली. सुपारी तोंडावर आली होती. बाई म्हणाल्या, आता बोलणं बंद. चित्र झालं, लांबून बघणं झालं, आता शेवटची पायरी. ज्याची भीती वाटते ते उचलून कुशीत घ्यायचं. पाठीवरून हळू हात फिरवायचा. छातीतली धडधड थांबेपर्यंत सोडायचं नाही. मध्येच सोडलं तर भीती पुन्हा वाढते.

"कोंबडीलाच का?" केरबानं विचारलं.

"कशाचीही भीती असली तरी रीत हीच," दमलेल्या बाई म्हणाल्या.

आणि खरंच गुण आला. केरबानं वहिनीची ठिपक्यांची कोंबडी कुशीत घेतली. आधी घामानं निथळला. हळूहळू धडधड थांबली. कोंबडीला तर डुलकी लागली. वहिनीनं डोळ्यांना पदर लावला.

सुपारीच्या दिवशी आण्णांच्या अंगणात दोन्हीकडची माणसं जमली. आण्णांनी आपली सगळ्यात खट्याळ कोंबडी पुढे केली. केरबानं ती घेतली, कुशीत धरली, पाठीवरून हात फिरवला आणि अलगद खाली सोडली. माणसं वाहवा म्हणाली. दारात मालन हसली.

आण्णांनाही बरं वाटलं. पण ते मुलीचे वडील. त्यांनी मिशीवर हात फिरवला, केरबाच्या अगदी तोंडाशी आले आणि भरड्या आवाजात म्हणाले, "माझ्या पोरीला सुखात ठेवशील का?"

केरबाचे हातपाय गार पडले. छाती धडधडू लागली. त्यानं नीट विचार केला. हे दूध नाही. हे मोहोळ नाही. बोलायचं तर बंदच आहे.

त्यानं आण्णांना उचलून कुशीत घेतलं आणि त्यांच्या पाठीवरून हळू हात फिरवायला सुरुवात केली.

आण्णांनी पाय झाडले. चार पाहुण्यांनी केरबाला ओढून पाहिलं, पण तो हलेना. शेवटी वहिनीनं सगळ्यांना उपाय समजावून सांगितला. धडधड थांबल्याशिवाय भावजी काही सोडायचे नाहीत.

"मग थांबव की तुझी धडधड," कुशीतून आण्णा म्हणाले.

पहिल्यांदा उमगलं ते मालनला. ती पुढे झाली आणि वडिलांना म्हणाली, "आण्णा, तुम्ही नकार द्याल याचीच त्यांना भीती हाय. हो म्हणून टाका, म्हणजे सोडतील."

आण्णांनी जरा वेळ दम धरला. पण केरबा आता त्यांच्या मानेखालीही कुरवाळू लागला होता.

"बरं, दिली," आण्णा म्हणाले. "पोरगी दिली तुला. आता खाली ठेव."

केरबानं मालनकडे पाहिलं. मालननं केरबाकडे पाहिलं आणि लाजून मान खाली घातली. तेव्हा केरबाची छाती जशी धडधडायला लागली, तशी ती कोंबडीपुढेही कधी धडधडली नव्हती.

त्यानं आण्णांना आणखी घट्ट धरलं.