गेणू गुरवाची कावड

हिवरखोऱ्याला नळ नव्हता, पायऱ्यांची एकच विहीर होती, त्या काळची ही गोष्ट. देवळाचा गेणू गुरव काविळीची माळ घाली. मुळ्यांची ती माळ डोक्यावर ठेवली की वाढत वाढत गुडघ्यापर्यंत उतरे, आणि कावीळही उतरे, असं म्हणतात. मग रोग्याला विहिरीच्या पायरीवर अंघोळ घालायची आणि माळ पाण्यात सोडायची. रीत गेणूच्या बापापासूनची.

लांबलांबून पिवळ्या डोळ्यांची माणसं येत. गावातही दर पावसाळ्यात दहा-वीस जण पडत. लोक म्हणत, "गेणूबा आहे, घोर कशाला?"

गेणूला एकच लेक, ठकू. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि आठव्या महिन्यात तिचे डोळे पिवळे झाले. गेणूनं माळ घातली. माळ गुडघ्यापर्यंत आली.

"आबा, माळ तर उतरली. मग मला असं का होतंय?"

तिसऱ्या दिवशी ठकू गेली. पोटातला जीवही गेला.

तेराव्यानंतर गेणू विहिरीवर बसला. वरच्या पायरीवर रोग्याची अंघोळ चालली होती. ते पाणी ओघळून विहिरीत जात होतं. खाली एक बाई घागर बुडवत होती. डोंगरावरचे धनगर झऱ्याचं पाणी पीत. त्यांच्यात कावीळ कधी नव्हती.

गेणूनं विहिरीवर बाभळीचे काटे टाकले. "हे पाणी पिऊ नका. माझ्या रीतीनं नासलं."

पाटील म्हणाला, "लेकीबरोबर अक्कलही गेली का रे? बापाची रीत खोटी म्हणतोस?"

"खोटी."

गावानं काटे काढले. देवळाची पूजा दुसऱ्याला दिली. गेणूशी बोलणं टाकलं.

तेव्हापासून तो पहाटे कोसभर चढून झऱ्याचं पाणी आणी आणि गरोदर बाईच्या दारात ठेवी. बहुतेक घरं ते ओतून देत. पाटलाची सून मात्र चोरून प्याली. त्या साली गावात तिघी गरोदर होत्या. दोघी काविळीनं गेल्या, ती एकटी वाचली. मग काटे गावानंच टाकले. पण बोलायची सवय मोडली होती, ती मोडलीच.

बारा वर्षं त्याच्या कावडीतून थेंब सांडला नाही, असं म्हणतात. एका सकाळी एका दारात भरली कावड होती, गेणू नव्हता. पुन्हा दिसला नाही. त्या घरची बाई बाळंत होईपर्यंत कावड आटली नाही, असं म्हणतात.

आता नळ आहे. तरी हिवरखोऱ्यात लेकीला आठवा महिना लागला की बाप झऱ्यावरून कावड आणतो. पाणी उकळून तिला देतात. वाटेत त्याच्याशी कुणी बोलायचं नाही, अशी रीत आहे.

मी दोनदा आणली. चढ कोसभराचाच आहे. बोलायला कुणी नसलं की संपत नाही.