मिटकीच्या शेपटीचा मोजा

डोंगराखाली ओढा. ओढ्याकाठी बीळ. बिळात मिटकी उंदरी.
मिटकी एवढीशी. शेपटी लांबच लांब.

थंडी आली. मिटकी बिळात मावली. शेपटी राहिली बाहेर!
"हुडहुड, हुडहुड! माझी शेपटी गारठली!"

मिटकीकडे लोकरीचा एक पुंजका होता. एकच.
"याचं सूत कातीन. सुताचा मोजा विणीन. शेपटीला घालीन."

तिने टकळी घेतली. टकळी म्हणजे एक काडी. काडीला गोल चकती.
मिटकीने दिली गिरकी. गर्रर्र!
लोकरीला पडला पीळ. झालं की सूत!
पण मिटकीला भारी घाई. सूत ओढलं खस्सकन.

टुक! सूत तुटलं.
टप्प! टकळी पडली.
डुबुक! पुंजका पडला ओढ्यात. गेला वाहून.

मिटकीने टकळी उचलली. निघाली टुणुक टुणुक.

भेटली मेंढी.
"मेंढीताई, मेंढीताई, लोकर दे ना!
लोकरीचं सूत, सुताचा मोजा,
माझी शेपटी गारठली!"

"बेंऽऽ! लोकर माझ्या अंगाला घट्ट आहे. बिरूमामा कातरतील, मग देईन. पळ!"

मिटकी निघाली टुणुक टुणुक.

भेटले बिरूमामा धनगर.
"बिरूमामा, बिरूमामा, कातरा ना!
मेंढी देईना लोकर.
लोकरीचं सूत, सुताचा मोजा,
माझी शेपटी गारठली!"

"अगं पोरी, माझी कातर बोथट. लोणीसुद्धा कापत नाही! लोहारदादा धार लावेल, मग कातरीन. पळ!"

मिटकी निघाली टुणुक टुणुक.

भेटला लोहारदादा.
"लोहारदादा, लोहारदादा, धार लाव ना!
मामा कातरेनात.
मेंढी देईना लोकर.
लोकरीचं सूत, सुताचा मोजा,
माझी शेपटी गारठली!"

"भट्टी विझली. भाता फाटला. वारा फुंकेल, मग धार लावीन. पळ!"

मिटकी निघाली टुणुक टुणुक.

भेटला वारा. बाभळीवर लोळत होता.
"वारेराव, वारेराव, फुंका ना!
लोहार लावेना धार.
मामा कातरेनात.
मेंढी देईना लोकर.
लोकरीचं सूत, सुताचा मोजा,
माझी शेपटी गारठली!"

"आऽऽ," वाऱ्याने जांभई दिली. "मला कंटाळा आलाय. हसव मला. मग फुंकीन."

मिटकीने मिश्या हलवल्या. वारा हसेना.
मिटकीने दात दाखवले. वारा हसेना.

मिटकी बसली रुसून. "राहू दे! मी आपली सूत कातते."
पण लोकर कुठे होती?
मिटकीने टकळी बांधली शेपटीला! दिली गिरकी. गर्रर्र!

शेपटीला पडला पीळ.
आणखी पीळ.
आणखी पीळ.
मग पीळ सुटला… उलटा!
मिटकीच फिरली गरगर गरगर गरगर!
धप्प!

"हा हा हा! हू हू हू!" वारा हसला. "अगं वेडे, शेपटीचं सूत काततेस?"

वारा हसत फुंकला, भट्टी पेटली. भडभड!
भट्टी पेटली, लोहाराने धार लावली. ठाण ठाण!
धार लागली, मामांनी कातरलं. कचकच!
मामांनी कातरलं, मेंढीने लोकर दिली. भप्प!

"अगंबाई, मिटकी कुठे गेली?" मेंढी म्हणाली.
लोकरीच्या ढिगातून आवाज आला. "मी इथे! पुरे, पुरे!"

मिटकीने टकळी घेतली. लोकर घेतली. दिली गिरकी.
"ओढू नको गं," बिरूमामा म्हणाले. "हळू सोड. थोडी थोडी."
मिटकीने सोडली हळू. थोडी थोडी. गर्रर्र…
सूत तुटलं नाही!

कुठे जाड, कुठे बारीक. मध्येच एक गोळा. पण सूत ते सूत!
सुताचा विणला मोजा. मोजा चढला शेपटीवर.
"अहाहा! ऊब आली गं बाई!"

वाऱ्याने मोजा बघितला.
"मलाही एक दे की!"
"देते ना," मिटकी म्हणाली. "शेपटी कुठे आहे तुमची?"

वाऱ्याने इकडे बघितलं. तिकडे बघितलं. मागे वळला. गोल फिरला.
शेपटी काही सापडेना.

वारा अजून गोल गोल फिरतोय. सूंऽऽ सूंऽऽ!
आणि मिटकी? ती बिळात झोपलीय. शेपटी बाहेर. मोजा घालून.