थांबलेलं सोन्याचं घड्याळ

माणसं रोज सकाळी घड्याळाला चावी द्यायची, तेव्हाची ही गोष्ट. बापूसाहेब निमकरांच्या सोन्याच्या घड्याळाला भारी घमेंड होती. बारा वर्षांत त्याला कुणी उघडलं नव्हतं!

दर शुक्रवारी तेल पिणारं शिलाई मशीन म्हणायचं, "आतलं तेल सुकतं बाबा. एकदा घड्याळजीकडे जाऊन ये."

"टिकटिक चालू आहे ना? मग चालत्या गाड्याला खीळ कशाला?"

पुढे घरात लग्न निघालं. मुहूर्त बाराचा, आणि तो बघायला अर्थातच सोन्याचं घड्याळ. "अजून सहा मिनिटं!" बापूसाहेब ओरडले. पण यमूआत्याचा हात अवघडला होता. तिनं अक्षता टाकल्या, तिचं बघून अख्ख्या मांडवानं टाकल्या आणि वाजंत्री दणाणली. त्या गलक्यात गिरणीचा बाराचा भोंगा एकट्या घड्याळाला ऐकू आला.

"आत्याला भारी घाई!" मांडव हसत होता. आत्या पदरात तोंड लपवून हसत होती.

घरी आल्यावर मशीननं विचारलं, "लागलं का लग्न वेळेवर?"

"अगदी ठोक्याला. आत्याची कृपा!" घड्याळ म्हणालं. सकाळी बापूसाहेबांनी चावी द्यायला ते हातात घेतलं, आणि बारा वर्षांत पहिल्यांदाच ते मुद्दाम थांबलं.