सावरीच्या शेंड्यावरून

त्या रानात जे काही कळण्यासारखं होतं, ते सगळं बगळ्यांकडे होतं. नदी कधी फुगते, चांदणं कुठून येतं, कोणतं मूळ खावं, पिल्लू आजारी पडलं तर काय करावं, कोणत्या कळपाने कुठे चरावं, सगळं. आणि ते सांगायची त्यांची एक रीत होती. विचारणाऱ्याने तळ्यावर एकट्याने यायचं, मान खाली घालायची, मग बगळा त्याच्यावर पंख धरून कानात पुटपुटणार. ऐकलेलं मोडायचं नाही आणि कुणापुढे बोलायचं नाही, अशी शपथही तिथेच घ्यायची. एवढ्यासाठी डोंगरापलीकडून वाट तुडवत यायचं! कासवं तर निम्म्या वाटेतच म्हातारी व्हायची. पण ती पांढरीशुभ्र पिसं आणि एका पायावरचं ते ध्यान पाहिलं, की तोंड उघडायची कुणाची छाती व्हायची नाही.

एका साळुंकीची झाली. ती काही मोठी विदुषी नव्हती, हे आधीच सांगितलेलं बरं. तिच्या पोटात काही राहायचं नाही, एवढंच. तळ्यावर ऐकून आली, की सरळ सावरीच्या शेंड्यावर बसायची आणि खड्या आवाजात सगळं सांगून मोकळी व्हायची. माकडं ते पुढच्या टेकडीवर पोचवायची, तिथले पोपट त्याच्याही पुढे. कासवाला घरबसल्या चांदण्याचं कळलं आणि ते आठवडाभर खुशीत होतं. बगळे म्हणाले, बडबडी आहे मेली, बसेल घसा आपोआप. बसला नाही.

कवडी नावाची एक हरिणी होती. तिचं पाडस हगवण लागून लोळागोळा होऊन पडलं होतं. डोळे खोल गेलेले, जीभ कोरडी. आधीचं पाडसही असंच गेलं होतं. तेव्हा ती तळ्यावर गेली होती, धवलाचार्य नावाच्या थोरल्या बगळ्याने कानात सांगितलेलं तिने निमूट केलं होतं, आणि आपलंच काहीतरी चुकलं म्हणून एकटीच रडली होती. या खेपेला ती पुन्हा तळ्याकडे निघाली, तोच शेंड्यावरून हाळी आली.

"ऐका हो ऐका! पिल्लाला हगवण लागली तर पाणी बंद करा. थेंबसुद्धा देऊ नका. खुद्द बगळ्यांचा उपाय आहे!"

झुडपातून सशीण ओरडली, "मी तेच केलं होतं. माझं गेलं!"

"माझंही," कोल्हीण म्हणाली. "मला वाटलं, माझंच दूध वाईट."

मग रानडुकरीण बोलली, भेकरी बोलली. इतकी वर्षं शपथेपायी गप्प बसलेल्या त्या आया! प्रत्येकीला वाटत होतं, उपाय खरा आणि मीच करंटी. कवडी तळ्याच्या वाटेवरून पाडसाकडे मागे फिरली. रागाने, दुसऱ्या कशाने नाही.

साळुंकी आधी गडबडली. मग पंख झटकून ओरडली, "अगं बायांनो, मी सांगितलं ते चूक निघालं! कुणाकडे दुसरं काही आहे का?"

होतं ना. पलीकडच्या डोंगरावरून माकडांच्या तोंडी गव्यांच्या म्हातारीचा निरोप आला: "वेड्या की काय तुम्ही? आम्ही तर पाणी पाजतो. थोडं थोडं, पण सारखं. आणि खारा दगड चाटवतो." अस्वलीण म्हणाली, वर मधाचं बोट द्या, अंगात जीव येतो. कुणीतरी बजावलं, साचलेलं पाणी नको, झऱ्याचं हवं. ज्याला जे ठाऊक होतं ते तो जोडत गेला, आणि जे चुकीचं होतं ते तिथल्या तिथे खोडून निघालं. कुणी कुणाकडून शपथ घेतली नाही.

आता झरा होता बगळ्यांच्या तळ्याच्या काठाला. शपथ मोडली म्हणून त्यांनी साळुंकीला शेंड्यावरून तिथे आधीच धरून आणलं होतं.

"ज्ञान उघड्यावर आणलं की त्यावर माशा बसतात," धवलाचार्य म्हणाले.

"बसतात ना, महाराज," साळुंकी म्हणाली. "निदान नासलंय हे दिसतं तरी!"

बगळ्यांनी तिच्या पंखांतली पिसं उपटली. एकेक करून, शांतपणे, जणू पूजाच चालली होती. संताप येतो नुसता आठवून.

तेवढ्यात कवडी पाडसाला नाकाने पुढे ढकलत काठावर आली.

"पाण्याला तोंड लावशील, तर शपथ मोडशील," धवलाचार्य खालच्या आवाजात म्हणाले.

"मोडली, आचार्य. ही बघा, मोडली," कवडी म्हणाली आणि पाडसाचं तोंड तिने झऱ्याला लावलं.

तिच्या मागून सशीण उतरली. तिच्या मागून कोल्हीण, आणि मग रानडुकरीण सगळं लेंढार घेऊन. चोची बगळ्यांच्याही कमी धारदार नव्हत्या. पण त्यांनी जन्मभर एका वेळी एकालाच पाहिलं होतं, तेही मान खाली घातलेलं. एवढी वर उचललेली डोकी त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. ते एकेक पाऊल मागे सरले.

पाडस रडतखडत जगलं. आधी कान हलवला, मग दोनदा धडपडून उभं राहिलं, आणि उभं राहिल्याबरोबर आईला ढुशी दिली. साळुंकीला आता उडता येत नव्हतं. ती फांदी फांदी करत, उड्या मारत सावरीवर चढू लागली. "पिसं गेली, जीभ आहे की अजून!" असं खालच्यांना ऐकवायला ती विसरली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात बगळ्यांच्या वस्तीत हगवणीची साथ शिरली. आचार्यांची सून घरट्यापाशी उभी होती. गुडघाभर पाण्यात, आणि चोचीपुढे तिचं पिल्लू सुकून चाललेलं. आचार्य डोळे मिटून एका पायावर उभे होते. भर दुपारी ती लव्हाळ्यातून बाहेर पडली, उघड्या माळावर आली, आणि ज्या जातीने कधी आवाज चढवला नव्हता त्या जातीची ती बाई जीव खाऊन ओरडली, "कुणी सांगा हो! पुन्हा एकदा सांगा! माझं पिल्लू चाललं!"

साळुंकीची पिसं धड आली नव्हती; रोजची चढण चढत ती अजून निम्म्या झाडावरच होती. माळावर जवळ होती ती कवडी. तिने त्या पांढऱ्या पिसांकडे एकवार पाहिलं. मग मान उंच केली आणि पार पलीकडच्या डोंगराला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायला सुरुवात केली:

"आधी पाणी."