उरलेल्या स्क्रूंची बरणी

फार फार वर्षांपूर्वी, किंवा कदाचित फार फार वर्षांनंतर, नदीच्या वळणावर एक नगर होतं. नगराला तट होता, राजा होता, राजाच्या दारी हत्ती झुलत होते आणि घरोघरी लॅपटॉपही होते. हे कसं, असं कुणी मध्येच विचारू नये. गोष्ट ऐकायची तर तेवढं चालवून घ्यावं लागतं.

वेशीजवळ एका कारागिराचं दुकान होतं. बंद पडलेले, पडून फुटलेले, पाणी गेलेले लॅपटॉप लोक त्याच्याकडे आणत. त्याच्या गुरूने मरताना एकच रीत मागे ठेवली होती. लॅपटॉप उघडण्याआधी त्याचं चित्र कागदावर काढायचं. जो स्क्रू जिथून निघेल तो चित्रात तिथेच ठेवायचा. आणि कागद पूर्ण रिकामा झाल्याशिवाय यंत्र मालकाच्या हाती द्यायचं नाही.

कारागिराने ही रीत वर्षभर पाळली. मग त्याचं नाव झालं, कामाची रीघ लागली, आणि चित्रं काढत बसायचा त्याला कंटाळा येऊ लागला. निघालेले स्क्रू तो सरळ एका वाटीत ओतू लागला. यंत्र बंद करताना एखादा स्क्रू उरायचा. तो कुठला, हे काही केल्या आठवायचं नाही. पुन्हा उघडायचं म्हणजे अर्धा दिवस गेला. मग तो बटण दाबून बघायचा. पडदा उजळायचा.

"चालतंय ना? झालं तर मग!" असं म्हणून उरलेला स्क्रू तो फळीवरच्या काचेच्या बरणीत टाकायचा.

दुकानाच्या भिंतीवर एक पाल राहायची. बरणीत टिणकन आवाज झाला की ती चुकचुकायची आणि म्हणायची, "एक उरला."

"उरू दे," कारागीर म्हणायचा. "एवढ्याशा स्क्रूने कुणाचं काय अडतंय?"

पाल बोलते याचं त्याला नवल वाटलं नाही. गोष्टीतल्या माणसांना ते वाटत नसतं. ती खरं बोलते, हे मात्र त्याला फार उशिरा कळलं.

ज्या दिवशी बरणी गळ्यापर्यंत भरली, त्या दिवशी भर दुपारी दुकानात कर्र कर्र असा आवाज होऊ लागला. वारा नव्हता, उंदीर नव्हता. कारागिराने वर पाहिलं. बरणीतले सगळे स्क्रू जागच्या जागी फिरत होते. हळूहळू, आणि उलटे. स्क्रू सैल करताना आपण फिरवतो ना, तसे.

तेवढ्यात दाराची बिजागरी निखळली आणि दार एका अंगावर लोंबकळलं.

त्याने दार घट्ट केलं. दुसऱ्या दुपारी स्टुलाचा पाय निसटला. तिसऱ्या दुपारी छतातला दिव्याचा आकडा खाली आला. एक घट्ट करावं तर दुसरं सैल होई. कारागीर घाबरला. त्याने बरणी उचलली, नदीवर गेला आणि जोर लावून पाण्यात भिरकावून दिली. परत येऊन पाहतो तो बरणी फळीवर होती, आणि तिच्याखाली ओलं वर्तुळ उमटलं होतं.

त्यानंतर दोनच दिवसांनी काम करता करता त्याच्या उजव्या हाताची करंगळी लटकली.

रक्त नाही, वेदना नाही. दार लोंबकळावं तशी ती नुसती लोंबत होती. त्याने हात उजेडात धरला. करंगळीच्या मुळाशी एक बारीकसं गोल भोक होतं, आणि भोकात आटे होते. मग त्याला मनगटावर एक भोक दिसलं, कोपरावर दोन दिसली, खांद्याजवळ आणखी चार. पुढे मोजायचं त्याला धाडस झालं नाही. हात गेला तर कारागिराने जगायचं कशावर? तो मटकन खाली बसला आणि रडू लागला.

"माझी शेपूट तुटली तर परत येते," पाल भिंतीवरून म्हणाली. "तुझं बोट नाही यायचं."

"मग मी काय करू, सांग तरी!"

"ज्याचा त्याला देऊन ये."

दुसऱ्या दिवसापासून कारागीर बरणी काखोटीला मारून दारोदार फिरू लागला. "तुमचा लॅपटॉप जरा उघडू द्या. तुमचं काहीतरी माझ्याकडे राहिलंय," असं तो सांगायचा.

"अहो, चांगला चालतोय की तो!" कुंभाराची बायको म्हणाली.

"चालतोय हो, पण पुरता नाही."

एकेक स्क्रू लावून पाहायचा. जो त्या जागेचा नसेल तो बसतच नसे. जो असेल तो अलगद आत जाई, आणि त्याच क्षणी कारागिराच्या अंगावरचं एक भोक बुजून जाई. लोक हसले, काहींनी दारातूनच हाकललं, तरी तो पुन्हा पुन्हा गेला. असे कितीतरी महिने गेले. कोपर घट्ट झालं, मनगट घट्ट झालं. शेवटी बरणीत एकच स्क्रू उरला. करंगळी अजून लोंबतच होती.

हा स्क्रू कुणाचा, हे त्याला ठाऊक होतं. खरं सांगायचं तर पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, म्हणूनच ते घर त्याने शेवटी ठेवलं होतं.

नदीवर एक म्हातारा नावाडी होता. त्याची बायको वारली होती. जिवंत असताना तिने एकदा गंमत म्हणून लॅपटॉपमध्ये आपला आवाज भरून ठेवला होता, "अहो, येताय ना? पान वाढलंय." नावाडी रोज दुपारी तो आवाज लावायचा आणि मगच जेवायला बसायचा. एकदा किरकोळ बिघाड झाला म्हणून लॅपटॉप दुकानात आला, दुरुस्त होऊन गेला, आणि मागे एक स्क्रू उरला. त्या स्क्रूविना आतली धातूची पट्टी सैल राहिली. हलत हलत ती एक दिवस भलत्याच जागी टेकली आणि आतलं सगळं जळून गेलं. नावाडी धावत दुकानात आला, तेव्हा कारागिराने यंत्र उघडूनही पाहिलं नव्हतं. "तुमचे हात ओले असतात, काका. पाणी गेलं असणार," एवढं बोलून त्याने त्याला वाटेला लावलं होतं.

कारागीर काठावर पोहोचला तेव्हा दुपार झाली होती. नावाडी होडीच्या कडेला बसला होता. पुढ्यात भाकरी होती, पण तो जेवत नव्हता, हात पुसत होता. आधी धोतराला, मग कोरड्या फडक्याला, मग पुन्हा धोतराला. तळव्यांची कातडी चोळून चोळून सोलवटली होती.

"काका, हे काय करताय?"

"हात कोरडे करतोय, बाबा. या ओल्या हातांनीच तिचा आवाज घालवला ना मी."

बरणीत शेवटचा स्क्रू कर्र कर्र फिरत होता.

"काका, ते हात तुमचे नव्हते. माझे होते," तो म्हणाला, आणि त्याने सगळं सांगून टाकलं.

नावाड्याने हातातलं फडकं खाली ठेवलं. मग म्हणाला, "दोन वर्षं मी या हातांना शिव्या घालत जेवतोय रे." तो उठला, झोपडीत गेला आणि बायकोच्या लुगड्यात गुंडाळलेला जळका लॅपटॉप घेऊन आला. "बसव तुझा स्क्रू."

स्क्रू अलगद बसला. पण पडदा उजळला नाही, आवाज आला नाही. कारागिराने आपल्या हाताकडे पाहिलं. करंगळीचं भोक बुजलं नव्हतं.

त्या दिवशी नावाडी हात न पुसता जेवला. जेवता जेवता रडत होता. कारागीर त्याचं जेवण होईपर्यंत मान खाली घालून समोर बसून राहिला.

पुढे दुकान पुन्हा सुरू झालं. आता तो प्रत्येक लॅपटॉपचं चित्र काढतो, आणि यंत्र देताना रिकामा कागद मालकाला दाखवतो. कधी घाई असते. मग सवयीने हात वाटीकडे वळतो. तेव्हा ती सैल करंगळी बाकाच्या कडेवर टकटक आपटते आणि भिंतीवर पाल चुकचुकते. तो हात मागे घेतो आणि कागद पुढे ओढतो.

यातून घ्यायचं ते एवढंच: आपण क्षुल्लक म्हणून जे मागे टाकतो, त्याचा भार कुणीतरी दुसराच निमूटपणे वाहत असतो.