कागदांवरचा दगड

विषय : मौजे कातळवाडी येथे आरोग्य उपकेंद्र मिळणेबाबत.
संदर्भ : वाडीकरांचा अर्ज, आणि त्यावर अभ्यासक डॉ. सुहृद गोवंडे यांच्याकडून मागवलेला अहवाल.

"बाबा, या वाडीत तान्ही मुलं मरत का नाहीत?" गोवंडेंनी विचारलं.

सकाळ झाली होती, पण उजेडाला अजून तशी खात्री नव्हती. ओढ्यावरचं धुकं माळावर चढून चिंचेच्या बुंध्याशी बसलं होतं. त्याच्या शेजारी फकीर उमरशा बाबा बसले होते. दोघांत फारसा फरक दिसत नव्हता.

जन्ममृत्यूच्या वह्या सांभाळलेला जुना कारकून म्हणून गोवंडेंनी मला सोबत आणलं होतं.

"मरत नाहीत... असं कोण म्हणतं?"

"नऊ वर्षांच्या नोंदी म्हणतात." गोवंडेंनी कागद पसरले. जन्माची वही, मृत्यूची वही, रेशनकार्डाचा रंग, आईचं शिक्षण हे सारं एकमेकांना जोडून त्यांनी तालुक्यातल्या गावांच्या पाच पायऱ्या केल्या होत्या. वर सुखवस्तू, तळाला कातळवाडी. "एकेक पायरी उतरावी तसे मृत्यू वाढतात. तळाशी आलो, की पहिल्या आठवड्यात गेलेलं मूल एकही नाही. जगात असं कुठे होत नाही, बाबा."

"मग जगाला कळव."

"कळवणारच आहे. पण गुपित काय? पाणी? हवा? तुमची दुआ?"

"माझ्या दुआनं माझा गुडघा बरा होत नाही, डाक्टर."

मी हसलो. गोवंडे लिहून घेत होते.

"अहवालात काय लिहिणार?" बाबांनी विचारलं.

"उपकेंद्राची गरज नाही. उलट बाकीच्यांनी इथे शिकायला यावं."

बाबांनी डोळे मिटले...

वारा सुटला. कागद फडफडले. गोवंडेंनी शेजारचा मुठीएवढा गोल दगड उचलून त्यांवर ठेवला.

"तो जागेवर ठेव."

"दगडच आहे, बाबा."

"दगडच आहे. त्याखाली शेवंताची पोर आहे. चार दिवसांची."

...

धुकं थोडं वर उचललं. चिंचेपासून ओढ्यापर्यंत तसेच गोल दगड होते.

"यांची... यांची नोंद नाही?"

"बारशाला नाव पडतं. नाव पडलं, की बाप वहीत लिहवून येतो. ही पोरं बारशापर्यंत थांबली नाहीत. मग जन्म लिहायचा राहिला, आणि मरणही."

"पण नावाशिवायही नोंद होते! नाव नंतर घालता येतं!" गोवंडे माझ्याकडे वळले. "होते ना, अण्णा?"

मी चिंचेकडे पाहिलं. सुरुवातीच्या वर्षांत वाडीतले दोन-तीन बाप आले होते. त्यांचे फॉर्म मीच परत केले होते. शेरा माझ्याच सुवाच्य अक्षरात : त्रुटी, नाव नाही. पुढे कोणी आलं नाही, आणि कचेरीत कामकाज सुरळीत असल्याचं मानण्यात आलं.

गोवंडेंनी दगड उचलला. कागद उडाले, ते त्यांनी उडू दिले. वाकले... थांबले. दोन पावलं मागे गेले, पुन्हा पुढे आले. माती सगळीकडे सारखीच मऊ होती.

"बाबा, मी हा कुठून उचलला?"

"तू उचललास. तुला ठाऊक."

"सगळ्या जागा सारख्याच दिसतात."

"शेवंता दुपारी येते. तिला विचारशील?"

गोवंडेंनी नकारार्थी मान हलवली.

"मग मी काय करू?"

"हातात धर. जागा सापडेपर्यंत खाली ठेवू नकोस."

...

गोवंडेंनी अहवालातला निष्कर्ष खोडला आणि उपकेंद्राची शिफारस केली. वरून सूचना आली : पुरावा म्हणून नोंदीतला आकडा जोडावा. नोंदीत आकडा नाही.

ते दर सोमवारी कचेरीत येतात. भेटीच्या वहीत डाव्या हाताने सही करतात, कारण उजवा मोकळा नसतो.

अर्ज प्रलंबित आहे.