दिवेलागणीचं विरजण

"...आणि गिळलेला तो जीव पचलाच नाही?" हरगिरबुवांनी विचारलं. संध्याकाळी त्यांच्या मठात आम्ही काहीजण बसलो होतो.

"नाही पचला." श्रीरंग शहरातल्या कॉलेजात पेशींचं शास्त्र शिकवायचा. समोर कुणीही बसो, त्याचा वर्ग सुरू. "अब्जावधी वर्षांपूर्वीची गोष्ट, बुवा. एका साध्या पेशीनं दुसरीला पोटात घेतलं. ती आतच राहिली, घरची झाली. तिच्याच जोरावर पुढं झाडं, जनावरं, माणसं घडली. आजही ती आपल्या पेशीपेशीत आहे."

"चिवट पाहुणी म्हणायची! आपल्यात येते कुठून?"

"आईकडून. फक्त आईकडून..."

त्याच्या आईचं तेरावं कालच झालं होतं.

"बापाकडून ती पुढं जात नाही, बुवा. माझ्यात आईची आहे, पण माझ्या लेकरांत नाही जायची. मला बहीण नाही, मावशी नाही. आईचा तो धागा माझ्यापाशी तुटला."



श्रीरंगच्या मांडीवर लहानशी बरणी होती. आईनं शेवटचं लावलेलं दही, चमचाभर उरलेलं, आंबट ढाण झालेलं. ते शहरात नेऊन जन्मभर फ्रीजमध्ये जपायचं, असं त्यानं ठरवलं होतं.

तेवढ्यात शेजारची चंद्राक्का वाटी घेऊन मठाच्या दारात आली.

"बुवा, मेल्या मांजरानं सगळं दही फस्त केलं हो. विरजणापुरतं मिळेल का?"

बुवांनी बरणीकडं पाहिलं.

श्रीरंगनं बरणी पोटाशी धरली. कोनाड्यात दिवा नुकताच लागला होता.

"दिवे लागलेत, अक्का. दिवेलागणीनंतर विरजण देत नाहीत. आईच सांगायची."

"अगंबाई, खरंच की. चुकलंच माझं." अक्का वळली.

एवढा शास्त्र शिकवणारा माणूस, आणि अडल्यावर आईचा नेम आठवला! आम्हा बसलेल्यांना हसूच येणार होतं. पण त्याचे डोळे बघितले आणि कुणी हसलं नाही. फार वाईट वाटलं.

"थांब गं, चंद्रा."

बुवा गुडघ्यावर हात टेकत उठले. कोनाड्यापाशी गेले. एकदा लागलेला तो दिवा त्यांनी जन्मात कधी कुणाला विझवू दिला नव्हता.

त्यांनी फुंकर मारली.

मठात काळोख झाला. काळोखात श्रीरंगला रडू फुटलं. तेराव्यापर्यंत आवरलेलं सगळं...

बुवांनी त्याला रडू दिलं. मग म्हणाले,

"आता दे, बाळा."